एनआयसीयूत बाळाच्या शेजारीच सोनोग्राफी: कशासाठी, किती वेळा आणि कोणी करायची?

दुपटं

जिल्ह्याच्या गावी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करतो. पालकांचा हल्लीचा ठरलेला प्रश्न म्हणजे "परवाच सोनोग्राफी झाली, आज पुन्हा कशाला?" या प्रश्नाच्या पोटात आणखी दोन प्रश्न असतात, ते सहसा तोंडावर कोणी विचारत नाही. बाळाला त्रास होतो का, आणि बिल वाढवायला तर करत नाहीत ना? तिन्हींवर या धाग्यात एकदा सविस्तर लिहून टाकतो.

यात बाळाला कुठे न्यावं लागत नाही. चाकांच्या ट्रॉलीवरचं मशीन पेटीपाशी आणतात. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, एक्स-रेसारखे किरण नसतात. प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचं मशीनचं टोक, एकाच जागी फार वेळ धरला तर तिथला भाग किंचित तापू शकतो, म्हणून ताकद कमी ठेवायची, हवं ते बघायचं आणि प्रोब उचलायचा, एवढं पथ्य.

कमी दिवसांच्या बाळात सोनोग्राफीला जेवढं दिसतं तेवढं मोठ्या माणसात दिसत नाही. टाळू उघडी असते, त्या खिडकीतून मेंदू दिसतो. छातीची भिंत पातळ, आणि हृदय प्रोबच्या अगदी जवळ.

मेंदूचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त वेळा तीच सोनोग्राफी होते. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत, पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला नाजूक रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. पूर्ण दिवस भरेपर्यंत तो विरून जातो, पण हे बाळ त्याआधीच बाहेर आलेलं असतं. रक्तदाब, श्वास, कार्बन डायऑक्साइड वरखाली झाला की तिथे रक्तस्राव होऊ शकतो, आणि बहुतेक वेळा तो पहिल्या ७२ तासांत होतो. म्हणून पहिली सोनोग्राफी पहिल्या आठवड्यात. मग चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा का? कारण मेंदूच्या पांढऱ्या भागाला रक्तपुरवठा कमी पडून इजा झाली असेल तर तिथल्या गाठी, म्हणजे पाण्याच्या बारीक पोकळ्या, दिसायला दोन ते चार आठवडे जातात. पहिल्या दिवशी तो भाग अगदी नॉर्मल दिसू शकतो. तेव्हा पहिली सोनोग्राफी एक गोष्ट शोधते आणि दुसरी वेगळीच. "परवाच झाली की" याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

आता फुप्फुस. हवेतून ध्वनिलहरी जात नाहीत, म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी होत नाही असं आम्हाला शिकवलं होतं. फ्रान्समधले अतिदक्षता तज्ज्ञ डॅनिएल लिश्टेनश्टाइन यांनी मोठ्या माणसांत दाखवलं की फुप्फुस थेट दिसलं नाही तरी पडद्यावर उमटणाऱ्या खुणा वाचता येतात. बाळाच्या छातीवर बारीक सरळ प्रोब ठेवला की दोन बरगड्यांच्या सावल्या आणि त्यांच्यामध्ये एक चमकती आडवी रेघ दिसते. ते फुप्फुसाचं आवरण. श्वासाबरोबर ती रेघ सरकते. तिच्याखाली समांतर आडव्या रेघा म्हणजे हवा भरलेली आहे. उभ्या चकचकीत पट्ट्या खालपर्यंत उतरल्या तर तिथे पाणी जास्त आहे, आणि पट्ट्या एकमेकींत मिसळून सगळं पांढरं झालं तर सर्फॅक्टंटच्या, म्हणजे फुप्फुस उघडं ठेवणाऱ्या द्रवाच्या, कमतरतेची शंका येते. छातीचे सहा भाग करून प्रत्येकाला ० ते ३ गुण द्यायचे, बेरीज ० ते १८. सर्फॅक्टंट द्यायचं की अजून सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देत, वाट बघायची, हे ठरवायला त्या बेरजेचा उपयोग होतो. निव्वळ आकड्यावर निर्णय घेत नाही. बाळाला ऑक्सिजन किती लागतोय, श्वास किती ओढतंय, ते शेजारी असतंच.

रात्री व्हेंटिलेटरवरचं बाळ एकदम निळं पडतं तेव्हा हे सगळ्यात कामी येतं. छातीत हवा फुटलीय का, म्हणजे फुप्फुसातून निसटून भोवती साचलीय का? एक्स-रेवाल्याला उठवून, प्लेट लावून, फोटो येईपर्यंत मिनिटं जातात. प्रोब लावला आणि ती रेघ सरकतेय, उभ्या पट्ट्या दिसतायत, तर त्या जागी हवा फुटलेली नाही. रेघ सरकत नसेल तर शंका. आणि सरकणारा व न सरकणारा भाग जिथे भेटतो तो बिंदू सापडला तर जवळजवळ खात्री. नुसती रेघ थांबली म्हणून सुई घालायची नाही, कारण नळी खोल जाऊन एका बाजूचं फुप्फुस बंद पडलं तरी रेघ थांबते.

हृदयाचं मुद्दाम बाजूला ठेवलंय, त्यावर भांडण होणार आहे.

सोनचाफा

माझी मुलगी २९ आठवड्यांची झाली. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून सांगितलं, "ग्रेड दोनचं ब्लीडिंग आहे." बस. पुढचं कोणी बोललं नाही. रात्रभर मोबाइलवर वाचत बसले आणि नको ते वाचलं. ग्रेड म्हणजे नक्की काय, हे तेव्हा कोणी पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता ती शाळेत जाते, पण ते ग्रेड दोन अजून डोक्यातून गेलेलं नाही.

दुपटं

सोनचाफा, आता लिहितो, दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल. ही प्रतवारी पापिले आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडली, तीही सोनोग्राफीवर नव्हे तर सीटी स्कॅनवर. ग्रेड एक म्हणजे रक्त त्या नाजूक थरापुरतंच. दोन म्हणजे पाण्याच्या पोकळीत आलं, पण पोकळी फुगलेली नाही. तीन म्हणजे पोकळीत रक्त आणि पोकळी फुगलेली. चौथी ग्रेड म्हणजे पोकळीबाहेर मेंदूच्या भागात इजा. एक-दोन आणि तीन-चार यांच्यात पुढच्या परिणामांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. एक-दोनची बहुतेक बाळं चांगली वाढतात, मात्र त्यांच्या वाढीवर लक्ष ठेवावंच लागतं.

रक्तस्राव झाला की सोनोग्राफी वारंवार होते, कारण रक्ताच्या गुठळ्यांनी पाण्याची वाट तुंबते आणि पोकळ्या फुगायला लागतात. टाळू फुगणं किंवा डोक्याचा घेर वाढणं पुढे दिसतं, पोकळी त्याआधी वाढलेली असते. मेंदूच्या मधल्या रेषेपासून पोकळीच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून आलेखावर मांडतात. हा आलेख लेव्हीन यांचा, १९८१ चा. आलेखातल्या नॉर्मलच्या वरच्या रेषेच्या चार मिलिमीटर पुढे आकडा गेला की पाणी काढायचा विचार सुरू होतो, काही ठिकाणी त्याआधीही. त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नाही. मागचा आकडा शेजारी ठेवून बघायचा.

काळापांढरा

मी रेडिओलॉजिस्ट. आता आमच्या गोटातलं ऐका.

फुप्फुसाबद्दल डॉक्टरांनी लिहिलंय ते मान्य. पण बाळाशेजारी प्रोब धरणाऱ्या प्रत्येकाला दिसतं तेच खरं असतं असं नाही. सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, हे आम्ही वर्षानुवर्षं सांगतोय. सेरेबेलममधला, म्हणजे मेंदूच्या मागच्या छोट्या भागातला, रक्तस्राव पुढच्या टाळूतून नीट दिसत नाही, कानामागच्या खिडकीतून बघावं लागतं. किती जण बघतात? दुसरं म्हणजे चित्र साठवतच नाहीत. रात्री तीनला बघितलं, फाइलमध्ये "यूएसजी नॉर्मल" लिहिलं, झालं. पंधरा दिवसांनी पोकळी मोठी दिसली तर तेव्हाचं चित्र कुठंय? तुलना कशाशी करायची?

माझा विरोध यंत्राला नाही. रिपोर्ट न लिहिता, चित्र न ठेवता, कोणाला न दाखवता केलेल्या सोनोग्राफीला आहे.

दुपटं

काळापांढरा, चित्र साठवायचं म्हणता ते शंभर टक्के मान्य. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२२ च्या अहवालातही प्रशिक्षण, चित्रं जपणं आणि गुणवत्तेची तपासणी यावर भर आहे. युरोपातल्या बालअतिदक्षता संस्थेने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात कुठल्या वापराला पुरावा भक्कम आणि कुठे कच्चा हे वेगवेगळं मांडलंय.

एक फरक मात्र धरून ठेवतो. तुमची सोनोग्राफी "यात काय काय आहे" हे सांगते. आमची "आत्ता या बाळाला हेच झालंय का" एवढंच विचारते. हवा फुटलीय का, हृदयाभोवती पाणी आहे का, शिरेतून घातलेल्या नळीचं, म्हणजे लाइनचं, टोक कुठंय. हो किंवा नाही. दोन्ही लागतात, आणि आमच्यामुळे तुमची रद्द होत नाही. ग्रामीण भागात रात्री तीनला तुम्ही येऊ शकत नाही हेही तितकंच खरं.

बिनसाखरेचा

सगळं छान. भावाच्या बाळाच्या बिलात "बेडसाइड यूएसजी" ही ओळ इतक्या वेळा होती की मोजायचा कंटाळा आला. रिपोर्ट एकाचाही नाही. हे हो-नाहीचं उत्तर प्रत्येक वेळी पैसे मोजून घ्यायचं का?

काळापांढरा

बिनसाखरेचा, बघा, चित्र आणि रिपोर्ट नसला की असा संशय येणारच. हक्काने मागा. "कशासाठी केली आणि काय दिसलं" एवढ्या दोन ओळी तरी हव्यात. आणि सरकारी रुग्णालयाचा पर्याय असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, म्हणजे २०११ पासून, आजारी नवजात बाळाच्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयांच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागात, चांगली कामं होतात, फक्त गर्दी फार.

रात्रपाळी

मी एनआयसीयूत सिस्टर आहे. डॉक्टर लोक पडद्याकडे बघत असतात, बाळाकडे आम्ही. म्हणून थोडं आमचं.

नऊशे ग्रॅमच्या बाळाला गार जेली लावली की काय होतं ते मॉनिटरवर बघा. ठोके खाली, ऑक्सिजन खाली. जेलीचं पाकीट आधी वॉर्मरवर ठेवून कोमट करून घ्यायचं. मोठ्या बाटलीतली जेली छोट्या बाटलीत ओतून वापरायची जुनी सवय आहे ती बंद करा, कृपा करून. जेलीतून बर्खोल्डेरिया सेपेशिया नावाच्या जंतूच्या साथी अतिदक्षता विभागांत पसरल्याच्या नोंदी आहेत. एका बाळाला एक निर्जंतुक पाकीट, उरलं तर कचऱ्यात. प्रोब एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना पुसायचा, वायरसकट. वायर गादीवर लोळत असते हे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि पुसायचं द्रावण मशीनच्या कंपनीने सांगितलेलंच घ्या. हाताला लागेल ते स्पिरिट मारलं की प्रोबचं रबर तडकतं, मग त्या चिरेत जंतू.

पेटीचं झाकण उघडायचं नाही, बाजूच्या खिडकीतून हात. जेली लगेच पुसायची, ओलं राहिलं की बाळ गार पडतं. डायपर बदलणं, तापमान, सोनोग्राफी हे सगळं एका वेळी उरकायचं, म्हणजे मध्ये बाळाला झोप मिळते. आई असेल तर तिला एक हात डोक्याशी आणि एक पायांशी ठेवायला सांगते. बाळ आवळून धरल्यासारखं झालं की शांत राहतं, डॉक्टरांनाही चित्र नीट मिळतं.

पहिल्या तीन दिवसांत तर "डॉक्टर, आत्ता खरंच लागतीये का?" असं विचारायची मी सवय करून घेतलीय. त्या दिवसांत बाळाला कमीत कमी हात लावायचा असतो. उगाच उघडून बघायला नको.

आजी_ऑनलाइन

टाळूवरून फिरवतात म्हणे ते यंत्र. आमच्या काळी टाळूला बोट लावू द्यायचे नाहीत कोणाला. इतक्या कोवळ्या जागेवर दाब पडत नाही का रे बाबा?

दुपटं

आजी, टाळूखाली जाड पडदा असतो, ती जागा दिसते तेवढी उघडी नसते. आणि प्रोब दाबायचा नसतोच, जेलीवर नुसता टेकवायचा. दाबला तर चित्रही बिघडतं. पुढची टाळू साधारण एक ते दीड वर्षात भरते, त्यानंतर ही खिडकी बंद. तुमच्या काळचा नियम चुकीचा नव्हता, कोणीही येऊन बोट लावू नये ते बरंच.

पॅरामाटा

सिडनीहून. हृदयाचं बाजूला ठेवलंत, मग मी सुरू करतो.

हे तंत्र नवजात बाळांत रुजवण्यात इथल्या लोकांचा मोठा हात आहे. निक इव्हान्स आणि मार्टिन क्लकाव यांनी डोक्याकडून हृदयात परत येणाऱ्या रक्ताचा प्रवाह मोजला. २००० साली त्यांनी दाखवलं की फार लवकर जन्मलेल्या काही बाळांत पहिल्या तासांत हा प्रवाह खूप कमी होतो, आणि नंतर तो सुधारत असताना मेंदूत रक्तस्राव होतो. आणि तेव्हा रक्तदाबाचा आकडा पुष्कळदा ठीकच असतो. म्हणजे मॉनिटरवरचा आकडा बघून औषध सुरू करणारे आम्ही सगळे अर्धंच बघत होतो.

पण मोजता आलं म्हणजे इलाज सापडला असं झालं नाही. पीडीएचंच घ्या. जन्मानंतर बंद व्हायची ती रक्तवाहिनी कमी दिवसांच्या बाळात उघडी राहते. इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तिची रुंदी मोजता येते, दीड मिलिमीटरच्या वर म्हणजे मोठी. डावा कप्पा फुगलाय का ते दिसतं. एवढं स्पष्ट दिसल्यावर आम्ही ती बंद करायची औषधं देत सुटलो. मग २०२३ मध्ये बेनेडक्टस चाचणी आली: २८ आठवड्यांच्या आतली बाळं, काहींना आयबुप्रोफेन, काहींना नुसती वाट बघणं. वाट बघणारी मागे पडली नाहीत. २०२४ मध्ये ब्रिटनच्या बेबी-ऑस्कर चाचणीत मोठी पीडीए असलेल्यांना पहिल्या ७२ तासांत आयबुप्रोफेन देऊनही मृत्यू किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार यांत ठळक फरक पडला नाही. यंत्राने दाखवलं ते खरंच होतं. दाखवलं म्हणून लगेच औषध द्यायची घाई मात्र अंगाशी आली.

दुपटं

पॅरामाटा, बरोबर. यात एक जोडतो, कारण इथे जीव जातो. आमची हृदयाची झटपट सोनोग्राफी जन्मजात दोष शोधायला नाही. हृदय आकुंचन कसं पावतंय, रक्त भरलंय की कोरडं आहे, भोवती पाणी आहे का, एवढंच ती बघते. फुप्फुसातून येणाऱ्या शिरा भलत्याच जागी जोडलेलं हृदय वरवर बघितलं तर फुप्फुसाचा दाब वाढल्यासारखं दिसतं, आणि दोन्हींचा इलाज अगदी वेगळा. म्हणून पहिल्यांदा पूर्ण इको, बालहृदयरोगतज्ज्ञांकडून किंवा त्यांना चित्रं पाठवून. मग आमचं रोजचं बघणं.

लाइनचंही सांगायचं राहिलं. नाळेच्या शिरेतून घातलेल्या लाइनचं टोक हृदयाच्या उंबरठ्याशी हवं. एक्स-रेत मणके मोजून अंदाज घ्यावा लागतो, सोनोग्राफीत टोक दिसतं. नाळ सुकते, पोट फुगतं, तशी लाइन सरकते. यकृतात राहिली तर सलाइन तिथे साचतं. हृदयात गेली तर क्वचित भिंतीतून पाणी झिरपून हृदयाला आवळतं. चांगलं चाललेलं बाळ अचानक कोसळलं, लाइन आहे, छाती ठीक आहे, तर प्रोब थेट हृदयावर. पाणी दिसलं आणि सुईने काढलं तर ते बाळ वाचू शकतं. पूर्वी हे बरेचदा शवविच्छेदनात कळायचं.

गोदाकाठ

प्रश्न कायद्याचा. आमच्या गावातल्या बालरुग्णालयाने सांगितलं की सोनोग्राफी मशीन घ्यायचं म्हटलं तरी पीसीपीएनडीटीची नोंदणी लागते. जन्मलेल्या बाळासाठी गर्भलिंग निदानाचा कायदा? डोकं चाललं नाही.

काळापांढरा

लागतेच. कायदा यंत्राला लागतो. नवजात बाळासाठी आणलेल्या मशीनला दुसरा प्रोब लावला की गर्भवतीची तपासणी होते. म्हणून मशीन, जागा, वापरणारी माणसं, सगळं नोंदणीत. पोर्टेबल मशीनवर तर जास्तच बंधनं. नोंदवलेल्या जागेत दाखल रुग्णांसाठी चालतं, गाडीत टाकून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेलं की गुन्हा. सोनोग्राफीची नोंद करायचा फॉर्म एफ मात्र गर्भवतीचाच भरतात, बाळाचा नाही.

आणि हे उगाच आलेलं नाही. असा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा १९९४ चा. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. त्यामुळे माझ्या व्यवसायातल्यांनी कागदपत्रांबद्दल कुरकुर केली तरी मी त्यात सामील होत नाही.

दुपटं

मला कुरकुर करायचीय, थोडी. कायदा हवाच. पण एनआयसीयूत फक्त बारीक प्रोब असलेलं मशीन घ्यायला छोट्या रुग्णालयाला महिनोन् महिने लागतात आणि दरम्यान बाळं एक्स-रेवर दिवस काढतात. गर्भवतीच्या पोटावर चालणारा प्रोबच नसलेल्या मशीनसाठी सोपी वाट निघायला हरकत नाही.

काळापांढरा

प्रोब नंतर विकत मिळतो हो. इथे आपलं जमणार नाही.

गोधडी२९

आज पहिल्यांदाच लिहितेय. बाळ २९ आठवडे, ११०० ग्रॅम, उद्या चार आठवड्यांचं होईल. पहिली डोक्याची सोनोग्राफी नॉर्मल होती, उद्या दुसरी सांगितलीय. धागा वाचून दुसरी का ते कळलं. डॉक्टरांना काय विचारू? ते घाईत असतात, मला सुचत नाही तेव्हा.

दुपटं

कागदावर लिहून न्या. पोकळ्यांचा आकार किती, आणि पहिल्या वेळेपेक्षा वाढलाय का? पांढऱ्या भागात गाठी आहेत का? पुढची सोनोग्राफी कधी? रिपोर्टची प्रत मागून घ्या, डिस्चार्जनंतर दुसऱ्या गावी दाखवताना लागते. आणि उद्याचं चित्र नॉर्मल आलं तरी वाढ-विकासाच्या तपासणीच्या तारखा सोडू नका. सोनोग्राफीत न दिसणाऱ्या बारीक गोष्टी त्या तपासणीत कळतात.

सोनचाफा

आणि ग्रेडबिड काही बोलले तर तिथेच थांबवून विचारा, घरी येऊन मोबाइल बघू नका. बाळाशी बोलत राहा.

रात्रपाळी

गोधडी, डोळ्यांची तपासणी झाली का गं? आरओपीची, म्हणजे कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्याच्या आजाराची. ११०० ग्रॅम म्हणजे दोन-तीन आठवड्यांचं असतानाच व्हायला हवी होती.

गोधडी२९

नाही ताई. कोणी बोललंच नाही त्याबद्दल.

रात्रपाळी

मग उद्या कागदावर तो प्रश्न सगळ्यात वर लिही. पुढच्या आठवड्यावर ढकलू देऊ नकोस, याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर बोलवायला सांग.